कॅनडाच्या नातीसाठी अवघड शब्द

२ फेब्रुवारी, सोमवार
उशिराबद्दल क्षमा. डायरी जानेवारीपासूनची, लिहायला बसतोय आज. दोष माझा नाही, डोळ्यांत थेंब चालू होते.
कॅनडातली नात राजनंदिनी, वय सात. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मला "हॅलो आजोबा" म्हणते आणि लगेच आजीला मागते. कारण उघड आहे. माझं इंग्रजी साधं. (मॅट्रिकला दोनदा पेपर तपासणाऱ्यानं डूख धरला.) नव्या पेठेतून अवघड शब्दांचं पुस्तक आणलं. रोज दहा, अर्थासकट. महिन्यात पोरगी फक्त माझ्याशी बोलेल.

४ फेब्रुवारी
'मॅग्नॅनिमस' म्हणजे मोठ्या मनाचा. 'लॉक्वेशस' म्हणजे बडबड्या. शेजारच्या जोतिरामला ऐकवले. म्हणाला, "अण्णा, गोळ्या बदलल्या का काय?" अशा लोकांत आयुष्य गेलं. दहापैकी दोनच झाले, पण पक्के.

८ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ८
कोट घालून बसलो. नातीनं मोडक्या मराठीत विचारलं, लहानपणी काय खेळत होतात? तिला कष्ट नकोत म्हणून उत्तर इंग्रजीत दिलं, दोन्ही शब्द घालून. डोळे बारीक करून बघायला लागली. छाप पडली.
मग बायकोनं फोन ओढला. केराबाई चौथी पास. सांगोल्याची मेंढरं सांगत बसली. नात खिदळत होती. लहान आहे, समज कमी.

१५ फेब्रुवारी, रविवार
आज नातीच्या हातात कागद. विचारलं, तुमची शाळा कशी होती? मी 'युबिक्विटस' (सगळीकडं असणारा) आणि 'इफिमेरल' (क्षणभंगुर) वापरले. केराबाई मागून म्हणे, "अवो, लेकरू मराठीत इचारतंय, मराठीत सांगा की!" म्हटलं, कॅनडात मराठीचं काय लोणचं घालायचंय?
नातीनं कागदावर काहीतरी खोडलं. शब्द लिहून घेताना स्पेलिंग चुकलं असणार.

१९ फेब्रुवारी
चार दिवसांनी नळ आला. हंडे भरायला लावले. शब्द शून्य. या घरात विद्येला किंमत नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार
मुलगा इंद्रजीत फोनवर खूश. तिकडं शनिवारी मराठीचा वर्ग असतो म्हणे. गृहपाठ होता: आजोबांशी किंवा आजीशी मराठीत बोला, त्यांचं लहानपण लिहा. राजनंदिनीला पहिलं बक्षीस. मी खुर्ची पुढं ओढली.
तिनं वाचून दाखवलं. सांगोला, मेंढरं, ओढ्यात हरवलेलं कोकरू. सगळी केराबाईच. शेवटी एक ओळ माझ्यावर: "माझे आजोबा चांगले आहेत, पण त्यांना मराठी येत नाही."
केराबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "असू दे गं बाय. शिकवीन मी त्यास्नी."

सायंकाळी ५
नातीला मोबाईलवर आवाजाचा निरोप धाडला. उतरवून ठेवतो:
"राजनंदिनी, मी आजोबा. मला मराठी येतं. लई येतं. मंगळवेढ्याला मी एकदा शाळा चुकवून ज्वारीच्या कणगीत लपलो होतो, मास्तर दिवसभर शोधत होते. ही गोष्ट आजीला पण ठाऊक नाही. रविवारपर्यंत थांबू नको. लवकर फोन कर."