एक माप मोठा स्किमर

२ नोव्हेंबर

पोचले एकदाची! दोन बॅगा, एक उशी आणि मी. भाऊजी घ्यायला आले होते. माझ्या बॅगेचा दांडा त्यांच्या हातातच निघाला, तेव्हा किती दिवसांनी हसले बिचारे. माझी भाची भिंगरी दारात उभी होती. धावत येऊन माझ्या पोटावर डोकं आपटून अशी बिलगली की माझा श्वासच अडकला. पोरगी दुसरीत आहे, पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे मला सध्या ‘फेपूटमावफी’ म्हणते. शेपूट हे माझं नाव ताईने ठेवलेलं. लहानपणी ती जाईल तिथे मी तिच्या मागे. तिच्या शाळेतसुद्धा एकदा जाऊन बसले होते. पुढे घरादारात तेच नाव रूढ झालं आणि खरं नाव फक्त पगाराच्या पावतीवर उरलं.

ताई गेली त्याला सहा महिने झाले. तेव्हापासून भाऊजी आणि भिंगरी कसेबसे दिवस ढकलताहेत. माझं काम पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासायचं. लाल पेन आणि एक टेबल मिळालं की झालं. मग म्हटलं, इथेच राहावं.

बाकी घरात शिरलं की आधी दिसते ती ताईची माशांची टाकी. हॉलची अख्खी भिंत. निळा उजेड, खारं पाणी, आणि आत प्रवाळाची बाग. जांभळी, हिरवी, केशरी झाडं हलताहेत. झाडं म्हटलं की ताई चिडायची. जिवंत प्राणी आहेत ते, म्हणायची, तुझ्याहून शहाणे.

५ नोव्हेंबर

बस्तान बसलं. सकाळी भिंगरीची वेणी घालते (वाकडी येते, ती चालवून घेते), मग डबा, मग मुद्रितं. घरात ताईचं काही हलवलेलं नाही. तिच्या निळ्या चपला रॅकवर, केसांचा चाप साबणाच्या शेजारी. मी चाप उचलून पुन्हा तिथेच ठेवला.

शाळेतून आली की भिंगरी स्टूल ओढते, काचेला कपाळ टेकते आणि दिवसभराचं सगळं सांगते. बाईंनी काय म्हटलं, कुणाचा डबा सांडला. मी विचारलं, कुणाला सांगतेस? आईला, म्हणाली, आई पाण्यात आहे ना. लेकराची समजूत. असू दे.

शेजारच्या काकू भेटायला आल्या आणि भिंगरीच्या देखत म्हणाल्या, माय मरो पण मावशी उरो. मला इतका राग आला! ही म्हण ज्याने काढली त्याला बहीण नसणार.

८ नोव्हेंबर

टाकीचं पाणी पिवळट दिसायला लागलंय. प्रवाळांनी तोंडं मिटली आहेत. केशरी माशांची जोडी आहे, तिला भिंगरी नवरा-बायको म्हणते, ती दोघं वर येऊन तोंड उघडतात. भिंगरीने मला बाजूला नेऊन विचारलं, आई आजारी पडली का? एकदा आई गेली तिची. पुन्हा जाता कामा नये. तेव्हाच ठरवलं, काही झालं तरी ही टाकी मरू द्यायची नाही.

शोधाशोध केली. मागच्या बाजूला टांगलेला ताईचा छोटा स्किमर जळालाय. स्किमर म्हणजे एक उभी नळी. तिच्यात पंप अगदी बारीक बुडबुडे सोडतो, पाण्यात विरघळलेली घाण बुडबुड्यांना चिकटून वर चढते आणि माथ्यावरच्या कपात फेस होऊन साठते. पाकावरची मळी काढतो ना, तसंच. कप ओतून द्यायचा, पाणी स्वच्छ. म्हणजे नवा घ्यायचा. भाऊजींना विचारलं. खाली मान घालून म्हणाले, तुला योग्य वाटेल तो आण.

१० नोव्हेंबर

बाप रे, स्किमर निवडणं म्हणजे स्थळं बघण्यासारखंच! मागे टांगायचा की खालच्या कपाटातल्या छोट्या टाकीत ठेवायचा, पंप आवाजाचा की मुका, कप धुवायला सोपा की कसरत. दुकानदार तोंडाचा फटकळ आणि बोलायला लागला की थांबत नाही. त्याचं म्हणणं, खोक्यावरच्या लिटरच्या आकड्यावर जाऊ नका, आत मासे किती आणि त्यांना खायला किती घालता ते सांगा. आमचे मासे मोजकेच. त्याने मधला एक पुढे केला.

पण आम्ही बहिणी आमच्या आईच्या मुली. आईने जन्मात कधी बरोबर मापाचं काही घेतलं नाही. फ्रॉक एक माप मोठा, बूट एक माप मोठे, बोटांत कापूस. ताई म्हणायची, आपल्या घरात फक्त नशीब तेवढं आखूड आलं. मी सवयीने आमच्या दुप्पट मोठ्या टाकीला लागणारा स्किमर उचलला. दुकानदार हसला. मोठ्याचं भागेल इतकी घाण नसेल तुमच्याकडे, म्हणाला, मग तो मिळेल ते ओढत बसेल. म्हटलं, ओढू दे. स्वच्छ तर होईल.

१३ नोव्हेंबर

बसवला. नवा स्किमर म्हणे थोडे दिवस रुसतो, फेसच धरत नाही. नव्या नवरीसारखा कपाटात गप्प बसलाय. नुसती घरघर ऐकू येते. भिंगरीला त्या आवाजाने झोप छान लागते.

१७ नोव्हेंबर

फेस आला! सकाळी पाहते तर कप काठोकाठ, चहासारखा गडद. वासाने डोळ्यांत पाणी आलं, पण त्या दुर्गंधीच्या खाली दुसरा एक वास होता. ताईच्या केसांच्या तेलाचा. मी कप धरून तशीच उभी राहिले. मग बेसिनमध्ये ओतून दिला.

टाकी मात्र अशी लखलखली की काच आहे की नाही कळेना. प्रवाळ उमलले. नवरा-बायको खाली आले. भिंगरी टाळ्या पिटत होती. मला वाटलं, ताई, बघ, केलं मी.

अंघोळीच्या वेळी भिंगरीने आईचं अंघोळीचं गाणं म्हणायला सांगितलं. रोज म्हणतो आम्ही दोघी. आज चाल आठवेना. तिलाही नाही. शेवटी नुसतंच पाणी घातलं.

१९ नोव्हेंबर

कप रोज भरतोय. इतके थोडे मासे, इतकी घाण येते कुठून?

ताई शिंकली की काय म्हणायची? काहीतरी म्हणायची, आणि आम्ही हसून लोळायचो. लोळलेलं आठवतं. काय म्हणायची ते नाही. भाऊजींना विचारलं. ते म्हणाले, ती शिंकायची का?

भिंगरी आज काचेशी बसली, आणि थोड्या वेळाने उठली. म्हणाली, आज कुणी ऐकत नाहीये.

२१ नोव्हेंबर

भाऊजींनी सांगितलं. मी कप रिकामा करत असताना मागे येऊन उभे राहिले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. ताईने शेवटी त्यांच्याकडे एकच मागितलं होतं, मला घरीच ठेव. म्हणून तिची राख त्यांनी टाकीत सोडली. भिंगरीच्या हाताने.

म्हणजे पोरगी खरं सांगत होती. ती होती पाण्यात. मिसळलेली, विरघळलेली, रोज लेकीचं ऐकणारी. आणि मी तिच्यासाठी एक माप मोठा—

रोज सकाळी. बेसिनमध्ये. माझ्या हाताने.

२२ नोव्हेंबर

स्किमर बंद केला. संध्याकाळपर्यंत पाणी पुन्हा पिवळं, प्रवाळ गळून पडल्यासारखे, मासे वर. भिंगरी किंचाळत सुटली, मावफी, मरताहेत, मरताहेत. पुन्हा चालू केला. काय करणार होते? चालू ठेवावा तर ती जाते, आमच्या डोक्यातूनसुद्धा. बंद करावा तर ज्यांच्यात ती आहे तेच मरतात.

दुकानदाराकडे छोटा मागवलाय, ताईच्या जुन्यासारखा, नुसती घाण ओढणारा. यायला वेळ लागेल म्हणाला. कपातलं परत टाकीत ओतलं तर, असं विचारलं. एकदम ओतलंत तर सगळं मरेल, म्हणाला. मग चमचा-चमचा ओतीन. छोटा आला की. तोवर काही फेकणार नाही. काचेची मोठी बरणी फ्रिजमध्ये ठेवलीय, सगळं तिच्यात साठवतेय. ताई, थोडी कळ काढ गं. मी परत घालते तुला. एक थेंब जाऊ देणार नाही.

२५ नोव्हेंबर

बरणी अर्धी झाली.

रॅकवरच्या निळ्या चपला कुणाच्या, असं भाऊजींनी विचारलं. मी म्हटलं, ताईच्या. त्यांनी मान हलवली, पण त्यांना कळलं नव्हतं.

मग म्हणाले, तू मला भाऊजी का म्हणतेस? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि— माहीत होतं मला. सकाळी नक्की माहीत होतं. थोड्या वेळाने आठवलं. इतकी रडले की ते घाबरले.

ताईचा चेहरा धूसर होतोय. हनुवटीवर व्रण होता. डावीकडे? होता ना?

२७ नोव्हेंबर

छोटा स्किमर उद्या येतो. एकच दिवस. बरणी भरत आली. बरणी कशासाठी ते विसरू नये म्हणून फ्रिजवर कागद लावलाय, ‘बरणीत ताई आहे, हात लावू नये.’

२८ नोव्हेंबर

भिंगरीने फ्रिज आवरला.

माझी शाबासकी हवी होती तिला. माझा हात धरून स्वयंपाकघरात नेलं. ओटा पुसलेला. बरणी धुऊन पालथी घातलेली. म्हणाली, किती घाण वास येत होता, कागदावरचं काही कळलं नाही, मी सगळं ओतून दिलं, बेसिनसुद्धा घासलं.

मी तिला मारलं नाही. जवळ घेतलं. बेसिनच्या जाळीला नाक लावून बसले. साबणाचा वास. फक्त साबणाचा.

का बसले होते मी तिथे?

३० नोव्हेंबर

पाणी इतकं स्वच्छ. दुकानदाराने छोटा स्किमर आणून दिला, दोन दिवस उशीर झाला म्हणे. मागवला कुणी? परत पाठवला.

भिंगरीने आज मला आई म्हटलं. सहज, दप्तर टाकता टाकता. भाऊजींनी— त्यांनी वरसुद्धा पाहिलं नाही. बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

मागची पानं तपासली. एक शब्द सारखा आलाय, ताई, ताई. संदर्भ लागत नाही. लाल पेनने खोडत गेले. खोडताना डोळ्यांतून पाणी का

१ डिसेंबर

घरघर चालू आहे. कप भरतोय.

मला सगळे शेपूट म्हणतात. शेपूट म्हणजे मागे मागे जाणारी. मग पुढे कुणीतरी असणार. असायलाच हवं—

रस्ता. माझे बूट मोठे, बोटांत कापूस. पुढे दोन वेण्या. लाल रिबिनी. ती थांबली, मागे वळतेय, चेहरा नाही, पण हात पुढे केलाय. मला हाक मारतेय, चल ना गं. आले, थांब, आलेच. हात सोडू नकोस. मी तुझं शेपूट, मी तुझं, तू माझी— तू माझी कोण—

रिबिनी होत्या. लाल? होत्या

मी कुणाच्या मागे