मनीचं दार

४ जुलै ५३
कुसुमला कुरुंदवाडला देऊन दोन महिने झाले. मागच्या दारात तिनं मनीसाठी हट्टानं करून घेतलेलं वीतभर दार, वर बिजागरी. वाजलं की अजून मान वळते. येतं मांजरच. आता शेजारचा बोकाही तिथूनच येतो, दूध फस्त करतो. दत्तू सुताराला निरोप दिला.

७ जुलै
दत्तू आतून पट्टी ठोकून गेला. काहीतरी विचारत होता. मी चाचणीचे पेपर तपासत होतो, हं हं म्हटलं.

११ जुलै
बोका बंद. मनीही तीन दिवस नाही. भाकरी दुधात कुस्करून ठेवली, तशीच.

१३ जुलै
दत्तू शाहूपुरीत भेटला. म्हणाला, "मास्तर, म्या इचारलं की. दार आता भायेर उघडंल, आत न्हाय. तुमी व्हय म्हनलासा."
चोर सोडून संन्याशाला फाशी. मनी बाहेरून डोकं लावत राहिली असणार, आणि मी आत मार्कांची बेरीज करत होतो. घरी येऊन पट्टी उपटली. अंगठा सोलला.

२९ जुलै
कु.चं पत्र. पंचमीला न्यायला या, मनी कशी आहे? मंगळवार पेठेतलं एक परसू सोडलं नाही, मनीचा पत्ता नाही. 'मजेत आहे' लिहून पत्र टाकलं. तिची आई असती तर मला खोटं लिहू दिलं नसतं.

१२ ऑगस्ट
मुराळी होऊन पोरीला आणायला कुरुंदवाडला गेलो. विहीणबाई म्हणाल्या, घरात माणसं कमी, दिवाळीला पाठवू. पहिली पंचमी, तरी मी मान डोलावली. हं हं म्हणायची सवय. कु. वाळलीय. उंबऱ्यापर्यंत आली.
"बाबा, मनी येते ना अजून?"
येते म्हटलं. तिनं माझ्या अंगठ्यावरच्या वणाकडे पाहिलं. एकटाच परतलो. फार आठवण येते पोरीची.

१४ ऑगस्ट, पंचमी
आळीत माहेरवाशिणींच्या फुगड्या. सकाळी दुधाची वाटी रिकामी होती. बोका की मनी, कोण जाणे. पुन्हा भरली. बोका प्यायला तरी पिऊ दे. दार बाहेरून ढकलून पाहिलं, आत उघडतं. विहीणबाईंना पत्र लिहायला घेतलंय. दिवाळीपर्यंत थांबणार नाही, पोरीला न्यायला येतोय, असं लिहिलंय.