एका पिशवीतली दोन पत्रके

अखिलकुटुंबचूडामणी, आरामखुर्चीसिंहासनाधीश्वर, वृत्तपत्रप्रथमपठनाधिकारी ज्येष्ठ बंधू दादा यांच्या चरणी, त्यांनीच फोनवर ब्लॉक केलेल्या अनुजाचा टपालमार्गे साष्टांग दंडवत.

प्रकृती उत्तम आहे. निवडणुकीमुळे छापखान्यात कामाचा महापूर लोटला असून मुद्रिते तपासून डोळे किंचित चुरचुरतात, इतकेच. वहिनींचा गुडघा कसा आहे?

परवा एक विलक्षण प्रसंग घडला. एका धनाढ्य शेठजींचे कारकून दोन्ही पक्षांची पत्रके एकाच पिशवीतून घेऊन आले. आपल्या कौटुंबिक ग्रुपवर ज्या वाक्यावरून आपण मला देशबुडवा ठरवलेत आणि ज्या वाक्याच्या बळावर मी आपणांस मेंढरू म्हणालो, ती दोन्ही वाक्ये त्यांत होती, एकाच हस्ताक्षरात.

मी विचारले, "अहो, तुमचे शेठ नक्की कोणाच्या बाजूचे?"

"निवडून येईल त्याच्या," ते म्हणाले. "तुम्ही आपलं ऱ्हस्व-दीर्घ बघा."

दादा, लोकशाहीत मतभेद पवित्र असतात. परंतु शेठजींच्या वाक्यांपायी आपण सख्खे भाऊ चार महिने अबोला धरून बसलो आहोत, हे मला सोसवेनासे झाले आहे. 'मेंढरू' हा शब्द मी सविनय मागे घेतो. मत मी बदललेले नाही, आपणही बदलू नये. फक्त एक फोन करावा.

आपला आज्ञाधारक (सोयीनुसार),
धाकटा

ता. क. खोलीत रेंज केवळ मोरीतल्या स्टुलावर उभे राहिल्यावर मिळते, आणि त्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे. घरमालकाला तीनदा सांगितले. तो येतो, स्टूल हलवून पाहतो, मान डोलावतो आणि जातो.