फोनमध्ये खोकताना

ती. ताईस, धाकट्याचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. मुलगा-सून फुलासारखं जपतात. खोकला नावालाच उरलाय. तुझे गुडघे काय म्हणतात?

इथल्या डॉक्टरांना मी एकदाच पाहिलं. आता रोज सकाळी फोनमध्ये खोकायचं, चार वाक्यं बोलायची आणि पाठवून द्यायची. मिनिटभरात उत्तर येतं, "प्रगती छान आहे." इतक्या झटपट कोण ऐकतं गं? आपले म्हातारे डॉक्टर पाठीला नळी लावण्याआधी ती तळहातावर चोळून उबदार करायचे, तेवढ्यातच निम्मा ताप उतरायचा.

सूनबाई म्हणते, "बाबा, डॉक्टरच ऐकतात हो. संशय हाच तुमचा जुना आजार."

म्हणून आज परीक्षाच घेतली. वाक्यांऐवजी, तू चौथीत माझ्याकडून घोकून घेतलेली ती नदीची कविता म्हटली. पलीकडे माणूस असेल, तर कवितेबद्दल एखादा शब्द तरी बोलेल.

उत्तर आलं, "शेवटी दम तुटतोय. उद्या समक्ष येऊन भेटा."

कवितेबद्दल अवाक्षर नाही. सूनबाईला मी हसत सांगितलं, "शेवटची ओळ मी मुद्दामच गाळली होती. फसलं तुमचं यंत्र." तिला ते पटलंही.

तुझ्यापुढे मात्र माझी थाप कधी टिकली नाही. ताई, ओळ मी गाळली नव्हती. ती म्हणायला श्वासच उरला नाही.

उद्या जाईन. तिथे खरंच माणूस निघाला, तर म्हणेन, "आधी नळी उबदार करा."

मुलाला यातलं काही कळवू नकोस.

तुझा, सत्तरीतही धाकटाच,
भाऊ