पाच फूट साडेसहा इंच

३ फेब्रुवारी, किन्हीराजा
कारंज्याहून एसटीने अकराला पोचलो. घर पाहून जीव सुखावला. काळ्या दगडाचं, नव्वद वर्षांचं, पण एक कोन हललेला नाही. मोजणीदार जानरावांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं. त्यांची नात वैभवीताई इथे त्यांचं स्मारक करणार आहेत. घराचा नकाशा काढायचं काम माझ्याकडे. शिक्षण सातवी, पण माझ्या मापात सुतभर चूक काढणारा इंजिनिअर अजून भेटायचा आहे. जानराव ज्या खोलीत निजत, तिथेच माझी खाट टाकली. खोलीची लांबी बारा फूट चार इंच.

४ फेब्रुवारी
कपाटात जानरावांची वही सापडली. मला वाटलं शेतांची असेल. माणसांची मापं निघाली. नाव, लांबी, पुढे दोन तारखा. शेजारच्या प्रयागबाई चहा घेऊन आल्या, त्यांनी उलगडा केला. गावात कोणी अंथरुणाला खिळलं की जानराव फीत घेऊन खाटेशी हजर. तिरडीचे बांबू नेमके कापले जावेत म्हणून. प्रयागबाईंच्या मालकांना नुसता ताप होता. माप घेतलं अन् तिसऱ्या दिवशी गेले. वहीत त्यांच्या नावापुढची दुसरी तारीख तीच. म्हणाल्या, भाऊ, पडल्या माणसाचं माप घेऊ नाई, ते लागूच पडते.
वहीतली शेवटची नोंद खुद्द जानरावांची. स्वतःचं माप घ्यायला त्यांनी या खोलीच्या फरशीवर डोक्याशी आणि टाचांशी छिन्नीने दोन खुणा केलेल्या आहेत.

५ फेब्रुवारी
आज प्रयागबाईंच्या देखत त्या फरशीवर आडवा झालो आणि माझं माप घेतलं. पाच फूट साडेसहा इंच. जानरावांच्या नावाखाली लिहिलं, तारीख टाकली, सही केली. असल्या समजुती अशाच मोडायच्या असतात. त्या कप उचलून निघून गेल्या.

६ फेब्रुवारी
खोलीची लांबी दहा फूट एक इंच. टेप बदलला. दहा फूट एक.

७ फेब्रुवारी
आठ फूट दोन. खाट दाराशी सरकली आहे, मी हात लावलेला नाही. प्रयागबाई उंबऱ्याबाहेरून म्हणाल्या, ते नाव खोडा अन् दुपारच्या गाडीनं निघा. मी आयुष्यात कधी खोडाखोड केलेली नाही. माप बरोबर आहे, मग खोडायचं काहून? चुकीचा नकाशा टाकून जायचं?

८ फेब्रुवारी
सहा फूट चार —
वहीत माझ्या नावापुढे दुसरी तारीख भरली आहे. उद्याची. अक्षर जानरावांचं.
प्रयागबाईंना टेपचं टोक धरायला बोलावलं. आत आल्या नाहीत. म्हणाल्या, कालपासून पडूनच काहून राह्यले भाऊ, उठा न.
मी उभा होतो. उभाच होतो —

९
डोकं एका भिंतीला. टाचा दुसऱ्या. दगड गार.
खोडायचं आहे — वही कपाटात — हात पोचत नाही —
बाहेर बांबू तोडून राह्यले. कोणीतरी माप विचारलं. प्रयागबाईंनी सांगितलं, पाच फूट सहा.
चूक. अर्धा इंच तोकडी पडेल. सांगा कोणी त्यांना, साडे—