वाऱ्याला हळू म्हणणारा माणूस

प्रिय बारक्या,

फोन करायचा सोडून ताईला आता पत्र कुठून सुचलं, असं तू म्हणणार. फोनवर मी साहेबांचं नाव काढलं की तुझ्याकडे लगेच कुणीतरी दार वाजवतं, नाहीतर तुझी रेंज जाते. लिफ्ट दुरुस्त करणारा माझा भाऊ सदानकदा लिफ्टमध्येच अडकलेला असतो, हे मी आजवर मान्य करत आले. पण या वेळी मला मध्ये कुणी तोडायला नको होतं. म्हणून दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलंय, कापायच्या टेबलावरचे कपडे बाजूला सारलेत आणि लिहायला बसलेय. झालं की पानांचे फोटो काढून पाठवते. अक्षर वाईट आहे, शाळेतही तसंच होतं. शेवटपर्यंत वाच, एवढंच माझं मागणं आहे.

घरचं म्हणशील तर बरं आहे. अण्णांचे गुडघे थकलेत, जीभ नाही. सकाळचा चहा झाला की शेजारी न्हाव्याकडे जाऊन बसतात ते जेवायच्या वेळेपर्यंत हलत नाहीत. दाढी एकाची, भांडण सगळ्यांचं. सध्या तर तिथे पाय ठेवायला जागा नसते. फुटबॉल संघटनेने राष्ट्रीय संघाच्या सरावाच्या मैदानाला साहेबांचं नाव द्यायचं मनात आणलंय. परदेशातून आलेल्या त्या प्रशिक्षकाने आपल्या संघाचं भलं केलं की वाटोळं, यावरून इथे सख्ख्या भावांनी एकमेकांशी अबोला धरलाय. त्यात संघटनेने जाहीर करून टाकलं, की वाऱ्याची हरकत असेल तर आम्ही पुढे जाणार नाही. वारा म्हणजे तू. इथे अजून तुला कुणी खऱ्या नावाने हाक मारत नाही. तू त्यांना काहीच कळवलं नाहीस म्हणतात.

न्हावी साहेबांच्या बाजूचा. त्याचं म्हणणं, साहेब यायच्या आधी आपण किती गोलांनी हरलो ते मोजायचो नाही, विसरायचो. त्यांनी पोरांना हरत असतानाही खेळायला शिकवलं, आज संघात जो जो बरा खेळतो तो त्यांच्या हाताखालून गेलाय, आणि बचाव म्हणजे काय ते आपल्याला त्यांच्यामुळेच कळलं. समोरचे म्हणतात, बचाव उभा केला आणि तिथेच उभा ठेवला. आपला खेळ कडेने पळण्याचा, अंगावर धावून जाण्याचा. या पाहुण्याने त्याला लगाम घातला, जिंकता येणारे सामने बरोबरीत सोडवले आणि ऐन वेळी घात करून निघून गेला. यात सगळ्यांत मोठा आवाज अण्णांचा. ‘शर्यतीत घोड्याला कुणी हळू म्हणतं का रे?’ हे त्यांचं वाक्य आता पोरासोरांना पाठ झालंय. मग न्हावी वस्तरा हवेत धरून म्हणतो, ‘अण्णा, हलू नका, नाहीतर या वादात पहिलं रक्त तुमचं सांडेल.’ लोक हसतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. किती वर्षं झाली, कुणी कुणाचं ऐकत नाही. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

त्या सामन्याबद्दल तुला मी काय सांगणार. पण लिहिते, कारण सगळं त्याच्यावरच उभं आहे. बरोबरी झालेली, विश्वचषकात जायला आपल्याला एक गोल हवा, वेळ संपत आलेली. उजवीकडून चेंडू घेऊन तू सुटलास, पुढे मोकळं मैदान. सगळं स्टेडियम श्वास रोखून उभं राहिलं आणि त्या शांततेत कडेवरून साहेबांचा आवाज आला, ‘हळू! हळू!’ टीव्हीवरसुद्धा तो स्वच्छ ऐकू आला. तू थबकलास, मान वळवून त्यांच्याकडे पाहिलंस, आणि चेंडू गेला. मग शिट्टी वाजली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी राजीनामा दिला; चूक माझी, एवढंच बोलले. तुझा करार त्यांच्याच देशातल्या क्लबाशी आधीच झाला होता, म्हणून तू तिकडे गेलास, थोडं खेळलास, मग खेळच सोडलास. इथून जाताना तेवढी एक मुलाखत दिलीस: ‘मी पोचलो असतो. त्यांनी मला थांबवलं. त्यांचा माझ्यावर विश्वासच नव्हता.’ अण्णांच्या रागाला तिथून धार आली. एका देशात राहून तू साहेबांना एकदाही भेटला नाहीस, हे मला माहीत आहे. मी कधी विचारलं नाही, कारण तुझ्या आवाजातच ते दुखणं ऐकू यायचं.

आता आपल्या वरच्या खोलीबद्दल लिहिते. संघटनेला हॉटेल परवडत नव्हतं म्हणून राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक एका शिंपिणीच्या डोक्यावर राहायला आला. त्यांनी तुला संघात घेतलं तेव्हा लोक काय काय बोलले! भाडेकरूने घरमालकाच्या पोराचं भलं केलं म्हणे. उचलली जीभ, लावली टाळ्याला. साहेब मात्र त्या काळात तुलाच सगळ्यांत जास्त पळवायचे. संध्याकाळी ते खाली येऊन माझ्या मशीनसमोर स्टुलावर बसायचे. मी जर्सीवर नंबर शिवत असले की सांडलेल्या टाचण्या वेचून द्यायचे आणि तासभर एक शब्द बोलायचे नाहीत. बोलणार काय? आपल्या भाषेतले तीन शब्द त्यांना यायचे: चला, बस आणि हळू. बाकी सगळं दुभाष्याच्या तोंडून, आणि दुभाषी मैदानाच्या कडेला उभा राहायचा नाही, कारण त्याला चेंडू लागायची भीती वाटायची.

चला आणि बस ते पोरांकडून शिकले. हळू कुठून शिकले याचा मी कधी विचारच केला नव्हता. आपल्या जिन्याची ती मधली पायरी हलायची आणि नेमकी तिथेच वर तुळई होती. साहेब ताडमाड उंच. पहिल्याच दिवशी कपाळाला टेंगूळ आलं. तेव्हापासून त्यांचे बूट जिन्यावर वाजले की मी मशीनवरूनच ओरडायची, हळू! आईचा तोल जायला लागला तेव्हा तिचा हात धरून खाली आणताना आपण तेच म्हणायचो. कुणी उकळता चहा घेऊन आलं की तेच. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तू कुबड्यांवर जिना उतरायला लागलास, तेव्हा तुझ्या मागे साहेब असायचे. तुझ्या पाठीला लागणार नाही असा हात धरून पायरीपायरीला म्हणायचे, हळू, हळू. तू वैतागायचास. मला मात्र वाटायचं, चला, एक शब्द तरी नीट शिकले.

गेल्या आठवड्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. दर वर्षी शुभेच्छा पाठवते तीच. मोडक्यातोडक्या भाषेत आमचं जमतं. म्हणाली, बाबा फार आजारी आहेत, बोलणं जवळजवळ बंद झालंय, पण तुमच्याकडचा एक शब्द सारखा म्हणतात, त्याचा नक्की अर्थ काय? मी विचारलं, कोणता? तर हळू. मी सरळ सांगून टाकलं, वेग कमी कर, सावकाश. ती म्हणाली, नाही, तसा नसणार. बाबा तिकडून आले तेव्हापासून तो शब्द आमच्या घरात आहे. मुलं सायकली घेऊन निघाली की म्हणतात, मी गाडी बाहेर काढली की म्हणतात. आता दवाखान्यात शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठायला लागला की त्याला म्हणतात. त्यांनी आम्हाला सांगितलंय, की तिकडे आपल्या माणसाला इजा होईल असं दिसलं, की लोक हा शब्द ओरडतात.

फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. खरंच की रे. पळणाऱ्याचा वेग कमी करायला आपण हा शब्द वापरतो, हे त्यांच्या कानांवर आलंच नव्हतं. त्यांनी तो फक्त जिन्यात ऐकला होता. सरावात ते हळू ओरडायचे म्हणजे जपून, सांभाळून. आणि पोरं इमानेइतबारे वेग कमी करायची. दुभाष्याला वाटलं, ही त्यांची पद्धत. पेपरातल्या जाणकारांनी तिच्यावर लेख लिहिले, बाण काढून आकृत्या छापल्या. पोरं चेंडू जपून खेळतात म्हणून साहेब खूश, आपल्यावर गोल होत नाहीत म्हणून संघटना खूश. अख्खा देश ज्या हळू खेळावरून एकमेकांच्या उरावर बसतोय, तो आपल्या जिन्यातून निघालाय. यात माझा दोष आहे असं मला अजिबात वाटत नाही. मी बरोबरच बोलत होते, पायरी हलत होती. पण मला हसू आलं आणि मध्येच विरलं, कारण मला तो सामना आठवला.

अण्णांना सांगितलं तर म्हणाले, ‘सोयीचा अर्थ काढायला काय जातंय?’ आणि कूस बदलून झोपले. दुसऱ्या दिवशी न्हाव्याकडे कुणीतरी मोबाईलवर पुन्हा तुझी तीच धाव लावली होती. इतकी वर्षं अण्णांनी ती पाहिली नव्हती. ती लागली की ते तोंड फिरवतात. त्या दिवशी मात्र गालाला साबण लावलेला असतानाच त्यांनी फोन मागून घेतला. तुला माहीतच आहे, जन्मभर लाइन्समन म्हणून रेषेवर झेंडा धरून पळलेला माणूस तो. चेंडू सोडून बाकीचे कुठे आहेत ते बघायची त्यांच्या डोळ्यांना सवय. त्यांनी एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं आणि खुर्चीवरून उठले. अर्धी दाढी तशीच, गळ्याभोवती न्हाव्याचं फडकं, अशा अवतारात रस्त्याने घरी आले.

मला म्हणाले, ‘अगं, तो डावीकडून येत होता.’ मग मीही पाहिलं. समोरच्या संघाचा तो आडदांड बचावपटू तुझ्या डाव्या अंगाने, तुला दिसणार नाही असा, दोन्ही पाय पुढे टाकून घसरत येत होता. सरळ तुझ्या ऑपरेशन झालेल्या गुडघ्यावर. तू थबकलास म्हणून तो पुढून निघून गेला आणि त्याला नुसता चेंडू लागला. आपण सगळे आजवर चेंडूच बघत होतो. तूही चेंडूच बघत होतास, बघायलाच हवा होतास. आई गेली तेव्हाही मी अण्णांना रडताना पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. गालावरचा साबण पुसायचं निमित्त करून बराच वेळ फडक्यात तोंड लपवून बसले होते. मग म्हणाले, ‘पोराचा पाय गेला असता गं, आणि मी त्या माणसाला शिव्या घातल्या.’

बारक्या, तू म्हणालास त्यांचा तुझ्यावर विश्वास नव्हता. विश्वासाचा तिथे प्रश्नच नव्हता रे. त्या दिवशी सगळ्या स्टेडियमला गोल हवा होता. अण्णांना हवा होता, मलाही हवा होता; मी टीव्हीसमोर पळ, पळ म्हणून घसा फोडत होते. त्या माणसाची नोकरी, नाव, सगळं त्या एका गोलावर होतं, आणि त्याच्या तोंडून काय निघालं बघ. ते नंतर काही बोलले नाहीत, कारण त्यांना वाटत राहिलं की आपण ओरडलो म्हणून पोराचं लक्ष उडालं. तुला काय वाटत होतं ते त्यांना कळलं नाही आणि त्यांना काय म्हणायचं होतं ते तुला. दोघं एकाच देशात, आणि मी इथे टाचण्या वेचत बसलेली.

मैदानाला नाव द्यावं की नाही, त्याचं उत्तर तुला वाटेल ते दे. मी त्यासाठी लिहीत नाहीये. साहेब काल गेले. बातमी अजून बाहेर आलेली नाही. उद्या येईल आणि तुझा फोन वाजायला लागेल, जो तो तुझं मत विचारेल. त्याआधी हे तुला घरच्या माणसाकडून कळायला हवं होतं. अंत्यविधी शनिवारी त्यांच्या गावी आहे. तुझ्याकडून सकाळची गाडी पकडलीस तर वेळेत पोचशील. मुलीने काल पुन्हा फोन करून मला एकच गोष्ट विचारली. शवपेटी उचलायला सहा माणसं लागतात आणि तिच्याकडे पाचच आहेत. बाबांच्या संघातल्या पोरांपैकी कुणी जवळपास राहतं का? अण्णा इथे समोरच बसलेत. त्याला लिही, म्हणतात, माझ्या गुडघ्यांत जोर असता तर मीच गेलो असतो. मी तुला न विचारता तिला सांगून टाकलंय, सहावा येतोय. मला खोटं पाडू नकोस.

तुझीच,
ताई