बाबांचे अर्धे पक्षी

४ नोव्हेंबर

चि. ढब्बूस, अनेक आशीर्वाद.

बाबांनी परसातल्या पक्ष्यांचे फोटो काढायचा सपाटाच लावलाय. सकाळचा चहा झाला की स्वयंपाकघराच्या खिडकीत स्टूल टाकून बसतात आणि कढईचा धूर मध्ये येतो म्हणून मलाच ओरडतात! असू दे बाबा. स्टुडिओ विकल्यापासून नुसते भिंतीकडे बघत बसायचे, त्यापेक्षा हे बरं.

काही फोटो सोबत पाठवतेय. गंमत बघ, जन्मभर गिऱ्हाइकांची हनुवटी बोटानं इकडेतिकडे करणारा माणूस आता पक्षी अर्धाच घेतो. कुठे चोच गायब, कुठे शेपूट. विचारलं तर म्हणाले, मुद्दामच आहे, तुला काय कळतंय त्यातलं.

जेवण कमी झालंय, ताटात टाकायला लागलेत. वयच झालं, दुसरं काय. तब्येतीला जप, आणि ताईची आठवण राहू दे.

तुझी ताई

१९ नोव्हेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

फोटो प्रेसमध्ये सगळ्यांना दाखवले. मालक तर बेहद्द खूश! म्हणाले, अख्खा पक्षी काय कुणीही काढतो, अर्धा काढायला छाती लागते. नव्या वर्षाचं कॅलेंडर ह्याच फोटोंचं करायचं ठरलंय. बाबांना सांग, असेच काढा, अख्खा एकही नको. आणखी पाठव.

जेवणाचं म्हणशील, तर तुझ्या हातचं मीही लहानपणी टाकायचोच. रागावू नकोस. आहे तो लोभ वाढता ठेव.

तुझा ढब्बू

७ डिसेंबर

ताई,

मायना घालत बसत नाही. काल छपाईसाठी जुने-नवे सगळे फोटो टेबलावर ओळीनं मांडले. प्रत्येक पक्षी डाव्याच बाजूला कापलाय. उजवीकडे एकही नाही. मुद्दाम करणारा माणूस कधीतरी बाजू बदलेल की नाही? बाबा ताटात टाकतात ते कुठल्या बाजूचं, बघ.

त्यांना उद्याच्या उद्या मोठ्या हॉस्पिटलात ने. आणि मी इथून 'असेच काढा' म्हणून कळवलं! गाढव आहे मी, दुसरं काही नाही.

ढब्बू

१५ डिसेंबर

चि. ढब्बूस, आशीर्वाद.

डावीकडचंच रे.

मेंदूत गाठ आहे. डोळे ठणठणीत, पण डावी बाजू त्यांच्या लेखी उरलेलीच नाही. त्यांना पक्षी अख्खाच दिसत होता. आपण अर्धा अर्धा म्हणून हसायचो, त्याचा त्यांना अर्थच लागत नव्हता. मग स्टुडिओवाल्याची अब्रू राखायला म्हणाले, मुद्दाम आहे. डॉक्टर म्हणतात, आधी आणलं असतं तर ऑपरेशन करून बघितलं असतं. आता हात लावता येत नाही. तू स्वतःला शिव्या देऊ नकोस. रोज ताट मी उचलत होते, मला कुठे दिसलं? फार रडू येतं रे.

मिळेल त्या गाडीनं नीघ. आलास की त्यांच्या उजव्या हाताला बस, तेवढं विसरू नकोस. परवा काका डावीकडे खुर्ची घेऊन कितीतरी वेळ बोलत बसले. ते गेल्यावर बाबा मला म्हणाले, आवाज आला त्याचा, पण मला भेटायला आत काही आला नाही.

वाट बघते.

ताई